बटाटा आणि जिन्याचा रंग

आमच्या बटाट्याला उडी नीट जमत नाही. बटाटा म्हणजे आमचा बोका, वय अडीच वर्षं, वजन साडेचार किलो, केस चकचकीत, खाणंपिणं व्यवस्थित, व्हेटकडे नेला की ते म्हणतात एकदम छान आहे. पण गॅलरीच्या कठड्यावर चढायचं असलं की हा चार वेळा अंदाज घेतो, मागचे पाय हलवतो, आणि उडी मारतो ती वीतभर अलीकडेच संपते. खाली पडतो, परत उठतो, परत तेच. अनोळखी माणूस आला की मांजर आधी लांबून बघतं ना, हा सरळ त्याच्या पायात जाऊन बसतो, कुरियरवाला असो नाहीतर चाळीत घुसलेला कुत्रा असो. कुत्र्यापासून तर दोनदा मी स्वतः उचलून आणलाय. आणि स्वयंपाकघरात ताट पडलं की मात्र जो कॉटखाली जातो तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. घरातले म्हणतात, स्वभाव असतो एकेकाचा. मी पण बरेच दिवस तेच म्हणत होते.

मग मला तो फोटो सापडला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आमची चाळ गिरगावात, लाकडी जिन्याची, तीन मजली, माझे आजोबा इथे भाड्याने आले तेव्हाच ती जुनी म्हणायचे. २०२३ च्या उन्हाळ्यात पावसाच्या आधी रिपेअरिंग काढलं, त्यात जिन्याचे कठडे आणि दारांच्या चौकटी घासून परत रंगवायच्या होत्या. त्या कठड्यांवर ऑइलपेंटचे किती थर असतील देव जाणे, वर चॉकलेटी, त्याच्याखाली आकाशी, त्याच्याखाली हिरवा, एका ठिकाणी तर पिवळा पण दिसत होता. रंगवाले पत्री आणि काचपेपर घेऊन दहा-बारा दिवस नुसतं घासत होते, कोरडंच, आणि तो बारीक भुगा सगळ्या जिन्यावर, चपलांवर, तुळशीच्या कुंडीवर, लोणच्याच्या बरण्या वाळत घातलेल्या त्याच्यावर, सगळीकडे. आम्ही रोज दोनदा झाडून काढायचो. झाडून म्हणजे उडवूनच म्हणायचं, कारण कोरड्या केरसुणीने झाडलं की तो परत हवेतच.

आणि तळमजल्यावर जिन्याखाली, जुन्या मीटरच्या खोक्यामागे, मनी व्यायली होती. चार पिल्लं. डोळे उघडून आठवडा झाला असेल. वरून पडणारा सगळा भुगा त्यांच्या अंगावर. मनी दिवसभर त्यांना चाटून साफ करायची आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच. मला ती राखाडी पिल्लं इतकी गोड वाटली की मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, राखेत लोळलेली बाळं असं काहीतरी लिहून. पन्नास जणांनी हार्ट पाठवले. तो फोटो आता मला बघवत नाही.

त्यातली दोन पिल्लं पाचव्या आठवड्याच्या आत गेली. एकाला आधी झटके आले. व्हेटकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मी कधीच विसरणार नाही, म्हणाले, घरात रंगकाम चालू आहे का? मी म्हटलं हो, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, जुन्या घरांचा रंग घासला की मांजरं आजारी पडतात हे आमच्या शिक्षणातलं आहे, मांजर अंगावरची प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतं, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. रक्त तपासायला पाठवायचं म्हटलं तर एवढ्याशा पिल्लातून लागेल तेवढं रक्त निघेना, आणि दुसऱ्या दिवशी ते गेलंच. त्यामुळे शिशानेच गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उरलेल्या दोनपैकी चिमणी डोंबिवलीला मावशीकडे आहे, ती अगदी धड आहे, कपाटावर काय चढते, पाल काय पकडते. त्याच धुळीत वाढलेली. आणि दुसरा हा बटाटा.

रंगात शिसं का घालत असत हे मी नंतर वाचलं. रंग उठून दिसतो, लवकर वाळतो, टिकतो. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे आज दुकानातून आणलेल्या डब्याचं एक वेळ ठीक, पण खालचे ते आकाशी, हिरवे, पिवळे थर कुठे गेले? ते आहेत तिथेच आहेत, आपल्या सगळ्यांच्या कठड्यांवर आणि खिडक्यांच्या गजांवर, कोणीतरी घासेपर्यंत.

ऑफिसला जाताना चर्नी रोड ते अंधेरी लोकलमध्ये पाऊण तास मिळतो, त्यात मी हे सगळं वाचत गेले. सुरुवातीला फक्त मांजरं आणि शिसं असं शोधत होते, मग एकातून एक निघत गेलं, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते सीगलच्या पिल्लांचं.

थंडीत गेटवेवरून मांडव्याला जाताना लाँचच्या मागे सीगल लागतात, त्यांचेच अमेरिकेतले भाऊबंद म्हणजे हेरिंग गल. जोआना बर्गर आणि मायकेल गोकफेल्ड या दोघांनी १९८० च्या दशकापासून कितीतरी वर्षं त्यांच्या पिल्लांवर शिशाचा काय परिणाम होतो ते पाहिलं. पिल्लांना दिलेलं शिसं म्हणजे एकदम मरून जाईल इतकं नाही, बाहेर रानातल्या पक्ष्यांच्या पिसांमध्ये जेवढं सापडतं त्याच पातळीला पोचेल असं. तर ही पिल्लं चालताना लडखडतात. उलटी पडली तर सरळ व्हायला वेळ लावतात. खायला मागताना आईच्या चोचीवर जी टोच मारायची असते ती नेमकी लागत नाही. ऊन वाढलं की सावलीत सरकायचं, तेही त्यांना धड जमत नाही. आणि मुख्य म्हणजे आपलं माणूस कोण हे त्यांना नीट ओळखता येत नाही. आता सीगलच्या वसाहतीत हजारो घरटी एकमेकांना लागून असतात, आणि चुकून शेजारच्या हद्दीत गेलेल्या पिल्लाला शेजारचा मोठा पक्षी टोचून मारून टाकतो. तिथे आईला न ओळखणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

हे वाचताना मी गाडीत उभी होते, दादरला गर्दी आत घुसली, आणि मला एकदम आठवलं की मनी हाक मारायची, तो खास घुमल्यासारखा आवाज असतो ना पिल्लांना बोलवायचा, तेव्हा चिमणी धावत जायची आणि बटाटा भलत्याच दिशेला, कधी मोरीकडे, कधी सरळ रस्त्याकडे. आम्ही म्हणायचो किती वेंधळा आहे. मनी पण शेवटी शेवटी त्याला सोडून चिमणीलाच घेऊन बसायची, म्हणून तर मी त्याला वर आणला.

लहानपणीच हे इतकं का लागतं, त्याची कारणं कळली तेव्हा खरंच वाईट वाटलं. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. ज्या दाराने कॅल्शियम आत जातं त्याच दाराने हेही जातं, आणि वाढत्या जिवाला कॅल्शियम हवंच असतं म्हणून त्याची दारं सताड उघडी. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण १० टक्के रक्तात जात असेल तर लहान मुलाच्या ४० ते ५० टक्के जातं. मेंदूभोवती जो पहारा असतो तो अजून पक्का झालेला नसतो. आणि आईच्या हाडात वर्षानुवर्षं साठलेलं शिसं गरोदरपणात आणि दूध पाजताना कॅल्शियमबरोबर बाहेर निघतं, म्हणजे आईने स्वतः दहा वर्षांपूर्वी खाल्लेली धूळ बाळाला मिळते. शिवाय एक वेळेचा प्रश्न असतो. आई कोणती, धोका कोणता, उडी किती लांब, हे शिकायला पिल्लाला काही दिवस किंवा काही आठवडेच मिळतात. त्या दिवसांत मेंदूची जोडणी चुकली तर पुढे विष निघून गेलं तरी जोडणी तशीच राहते.

मला वाटतं आपण सगळे इथेच चुकतो. आपण मेलेले मोजतो. फारतर आजारी मोजतो. वजन बरोबर, पिसं बरोबर, खातंपितं म्हणजे जनावर ठणठणीत. वागणं कोण मोजतं? अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात डिअर माउस नावाच्या उंदरांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला. प्लास्टिकमध्ये असतं ते बीपीए आईच्या खाण्यात मिसळलं, गाभण राहायच्या आधीपासून पिल्लं दूध तोडेपर्यंत. पिल्लं स्वतः खायला लागल्यावर साधं खाणं. मोठे झाल्यावर ते नर दिसायला इतरांसारखेच, त्यांच्या शरीरातलं पुरुष हार्मोनही नॉर्मल. पण गोल टेबलावरच्या बारा भोकांतून घरी जाणारं एक भोक शोधून लक्षात ठेवायचं होतं, ते यांना जमेना. रानात मादी शोधत लांब हिंडायचं तर ह्या नराला रस्ता लक्षात ठेवावाच लागतो. आणि गंमत नाही, मला ह्याने काटाच आला, की माद्यांना ते कळत होतं. बीपीए मिळालेल्या नरांपेक्षा दुसऱ्या नरांकडे माद्या दुपटीने जास्त वळत होत्या. माणसाच्या डोळ्याला जे दिसत नव्हतं ते उंदरांच्या माद्यांना कळत होतं.

फ्लोरिडात पांढऱ्या शराटी पक्ष्यांची १६० पिल्लं आणून चार गट केले होते, पीटर फ्रेडरिक आणि श्रीलंकेच्या नीलमिनी जयसेना यांचं काम, २०१० च्या शेवटी प्रसिद्ध झालं. एका गटाला पारा अजिबात नाही, बाकीच्यांना थोडा, जास्त, त्याहून जास्त, पण सगळ्यात जास्त म्हणजे सुद्धा खाण्यात ०.३ पीपीएम, म्हणजे प्रदूषित दलदलीत पक्ष्यांना खरोखर मिळतो तसा. तीन विणीचे हंगाम पाहिलं. जसजसा पारा वाढला तसतसे नर माद्यांपुढे मान हलवून जो नाच करतात तो कमी झाला, माद्या त्यांच्याकडे येईनात, आणि नर-नर जोड्या वाढत गेल्या, एका गटात तर ५५ टक्क्यांपर्यंत. पेपरवाल्यांनी त्याचीच मोठमोठी हेडिंग केली, ते मला आवडलं नाही, कारण तशा जोड्या निसर्गात असतातच, कितीतरी प्राण्यांत असतात. मुद्दा हा आहे की पाऱ्याच्या मापाबरोबर वागणं बदलत गेलं आणि घरटी पिल्लांवाचून राहिली. पक्षी मेले नाहीत. बाहेरून मोजायला गेलात तर संख्या तीच दिसेल, काही वर्षं.

पाऱ्याचं नाव काढलं की जपानचं मिनामाता येतंच. तिथे माणसांच्या आधी मांजरं गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कोळ्यांच्या गावांत मांजरं गोल गोल फिरायला लागली, झटके येऊन समुद्रात पडायला लागली, लोक त्याला मांजरांचा नाच म्हणायचे. १९५६ मध्ये माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. कारखान्याचं सांडपाणी खाडीत, पारा माशात, मासे मांजरांत आणि माणसांत. १९५९ मध्ये कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर होसोकावांनी एका मांजराला ते सांडपाणी खाण्यातून दिलं, मांजर नंबर ४००, त्याला तोच आजार झाला, आणि कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. आणि तिथल्या बायका, ज्यांना स्वतःला फारसा त्रास दिसत नव्हता, त्यांची पोटातली बाळं मात्र जन्मतःच अपंग निघाली. आईच्या वाटचा पारा बाळाने घेतला होता. मी हे आईला वाचून दाखवलं, ती किती तरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, म्हणजे मांजरं सांगत होती की सगळं.

मांजरं सांगतात, कुत्रे सांगतात, पण आपल्याला डोळ्यांना दिसेल असंच सांगावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला निळे कुत्रे दिसले होते आठवतंय? कासाडी नदीत एका कारखान्याचा रंग जात होता, भटके कुत्रे पाण्यात शिरले आणि निळे झाले. जगभर फोटो गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. चांगलंच झालं. पण मला सारखं वाटतं की ते पाणी रंगीत नसतं तर? त्याच नदीकाठी वाढलेल्या पिल्लांच्या वागण्यात काही बदललं असतं तर ते कोणी बघितलं असतं? मुंबईत कुत्रा चावला की तो माजलाय म्हणतात, पिसाळलाय म्हणतात. तो कुठे जन्मला, बॅटऱ्या फोडतात त्या गल्लीत की गॅरेजच्या ऑइलमध्ये की डंपिंगच्या धुरात, हे कोणी विचारत नाही. न्यू ऑर्लिन्स शहरात मॉकिंगबर्ड पक्ष्यांवर काम झालंय, २०१९ चं आहे, ज्या वस्त्यांच्या मातीत शिसं जास्त तिथले पक्षी जास्त आक्रमक निघाले. इथल्या कुत्र्यांचंही तसंच असेल असा दावा माझा नाही. पण प्रश्न तरी पडायला हवा.

मधमाश्यांचं एक सांगते आणि मग आमच्या चाळीवर येते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०२० मध्ये भुंग्यासारख्या बंबलबी माश्यांचे मेंदू स्कॅन केले, जवळजवळ शंभर. ज्यांना अळीच्या वयात कीटकनाशक मिसळलेलं खाणं मिळालं होतं त्यांच्या मेंदूतला शिकण्याचा भाग काही ठिकाणी कमी वाढलेला होता, आणि कोणत्या वासाबरोबर गोड मिळतं हे शिकायला त्या मागे पडत होत्या. पंख फुटून बारा दिवस झाले तरी भरून आलं नव्हतं. मधमाशीच्या आयुष्यात बारा दिवस म्हणजे केवढे. नुसतं रसायनच असं नाही, आवाजाचंही आहे, ऑस्ट्रेलियात झेब्रा फिंचच्या अंड्यांना आणि पिल्लांना फक्त रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा आवाज ऐकवला, आईबापांना नाही, २०२४ चं काम आहे, तर अंडी कमी फुटली, पिल्लं लहान राहिली, आणि मोठेपणी, शांत ठिकाणी राहूनसुद्धा, त्यांना पिल्लं कमी झाली. आमच्या खिडकीच्या कपारीत चिमण्या दरवर्षी घरटं करतात, खाली सिग्नल आहे.

हे सगळं मी चाळीच्या मीटिंगमध्ये बोलले, कारण ह्या दिवाळीच्या आधी मागच्या विंगचं रंगकाम निघालं. तिथल्या काकांनी स्पष्ट सांगितलं, अगं माणसांचं बघायला वेळ नाही आणि तू मांजरांचं काय घेऊन बसलीस. मी म्हटलं काका, माणसांचंच सांगतेय, तुमची नात रांगते ना त्याच पॅसेजमध्ये, ती पण हात तोंडात घालते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात आहे की जगातल्या दर ३ मुलांमागे साधारण एका मुलाच्या रक्तात शिसं दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही. आपण तर १९९० च्या दशकात शाळेत जात होतो तेव्हा पेट्रोलमध्ये पण शिसं होतं, देशभर ते बंद झालं २००० साली. काका गप्प झाले, पण नातीचं ऐकून, मांजरांचं ऐकून नाही, आणि मला तेही चाललं.

ठरलं ते असं की घासायच्या आधी पाणी मारायचं, ओलंच घासायचं, खाली ताडपत्री अंथरायची, भुगा झाडायचा नाही तर ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधायचा, आणि त्या आठ दिवसांत लहान मुलं आणि पोटुशी असलेली दुसऱ्या मजल्यावरची वहिनी पुढच्या विंगमध्ये राहतील. मांजरांना मी आमच्या खोलीत ठेवलं, मनी, तिची नवी तीन पिल्लं आणि बटाटा. रंगवाला म्हणाला, मॅडम, सूखा जल्दी होता है, गीले में टाइम जाएगा. मी त्याला समजावून सांगितलं कशासाठी ते, मांजराचं पण सांगितलं, फोटो दाखवला. तो बराच वेळ फोटो बघत होता. मग म्हणाला, मी घरी जातो तेव्हा माझी दीड वर्षाची पोरगी पळत येते आणि ह्याच शर्टाला चिकटते.

त्या दिवसापासून तो आणि त्याचे दोन्ही पोरगे काम संपलं की आमच्या मोरीत हातपाय धुवून, कपडे बदलून, ते धुळीचे कपडे वेगळ्या पिशवीत घालून जायचे. आईने त्यांच्यासाठी एक साबण वेगळा काढून ठेवला होता. बटाटा रोज जाऊन त्यांच्या पायात बसायचा, आणि तो रंगवाला ओल्या हाताने त्याला उचलून कठड्यावर ठेवायचा.